काचेचा धागा शाळेपर्यंत

राखोली हे दमणगंगेकाठचे गाव आमच्या वाचकांस नवे नाही. सेलवासहून खानवेलकडे जाणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची ही रोजची वाट आहे. परंतु या गावी काय तयार होते, हे त्यांच्यापैकी किती जणांस ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या येथील कारखान्यात ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाशतंतूंच्या, केबली तयार होतात. याच कंपनीचा काचेचा तंतू ओढण्याचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे आहे. मराठवाड्यात ओढलेला धागा, आपल्या प्रदेशात वळलेला दोर, आणि त्यावरून धावणारे साऱ्या जगाचे बोलणे, अशी ही कथा आहे. ज्या भूमीत हा दोर वळला जातो, तेथील शाळेच्या उंबरठ्यापर्यंत तो विद्येसाठी केव्हा पोहोचणार, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा धागा म्हणजे काय ते पाहू. त्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी, आणि दूरच्या वाहतुकीसाठी वापरतात त्या तंतूत प्रकाश जेथून धावतो तो गाभा तर अवघा नऊ मायक्रॉनांच्या आसपास. दहावीच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण आंतरिक परावर्तन अभ्यासले आहेच. गाभ्यात शिरलेला प्रकाश त्याच नियमाने कडेवर आपटून पुन्हा आत वळतो व वळणावळणांनी पुढे जातो. ज्यांस प्रचीती हवी असेल त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीस बुडाजवळ भोक पाडावे, पाणी भरावे, अंधारात भोकाच्या समोरच्या बाजूने टॉर्च धरावा. पाण्याची धार वाकते आणि तिच्याबरोबर उजेडही वाकतो. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासह दाखविले, आणि तो निबंध १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २ ऑगस्टला सेलवास पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. योगायोगच, परंतु आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा! पुढे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की, प्रकाश वाटेत विझतो तो मुख्यतः काचेतील अशुद्धीमुळे. काच शुद्ध करा, संदेश मैलोगणती जाईल. याबद्दल त्यांस २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची काच इतकी निर्मळ असते की, पंधरा किलोमीटर चालून आल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

अशा धाग्यांनी विद्यापीठे व प्रयोगशाळा परस्परांस जोडण्याची कल्पना ही केवळ तंत्रज्ञांची कल्पना नव्हे. आमच्या मते ती सहकाराची कल्पना आहे. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी ऊसकऱ्यांस एकत्र केले, ते एकट्या शेतकऱ्यास कारखाना परवडत नाही म्हणून. एकट्या महाविद्यालयासही महासागर ओलांडणारी वाट परवडत नाही. दहा संस्थांनी, शंभर संस्थांनी मिळून ती घ्यावी, आणि तीवर प्रत्येकाचा हक्क भागीदाराचा असावा, गिऱ्हाइकाचा नव्हे, हे तिचे मूळ. केनियात १९९९ साली आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत २००३ साली अशी जाळी उभी राहिली, ती याच गरजेतून. आपल्याकडे तर आरंभ त्याहून जुना आहे. १९८६ साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ सुरू केले, आणि त्याच्या पहिल्या संस्थांत पवईची आयआयटी व जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या मुंबईच्या दोन संस्था होत्या. सामान्य जनतेस इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्या देशात हे दार प्रथम उघडले ते विद्येसाठी. बाजार मागाहून आला. आज बाजार प्रत्येकाच्या खिशात आहे आणि कित्येक शाळा दाराबाहेर उभ्या आहेत, हा क्रमाचा विपर्यास आम्हांस मनापासून खुपतो.

मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या ‘राष्ट्रीय ज्ञान जाळ्या’स मंजुरी मिळाली. सुमारे दीड हजार संस्था जोडण्याचे ते कार्य खचित मोठे आहे. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील कणांच्या टकरींची माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येते, ती अशाच जाळ्यावरून. त्याहूनही आम्हांस प्रिय असलेले उदाहरण नारायणगावाजवळच्या खोडदचे आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या पंचवीसेक किलोमीटरांच्या पट्ट्यात पसरल्या आहेत, आणि दूरच्या दीर्घिकांकडून आलेली क्षीण कुजबूज शिवारातून मध्यवर्ती केंद्रापर्यंत पोहोचविणारे प्रकाशतंतूच आहेत. जेथे आकाश ऐकण्यासाठी शेतशिवारातून हा धागा नेता येतो, तेथे शाळेपर्यंत तो नेणे अशक्य आहे, असे कोणी सांगितल्यास आम्ही ते मानणार नाही.

मात्र ज्ञान जाळ्याची रचना मुख्यत्वे उच्च शिक्षण व संशोधन यांसाठी आहे. खेड्यांसाठी निराळी योजना आली, ती २०११ साली मंजूर झालेली व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली. तिचा पल्ला ग्रामपंचायतीपर्यंत. पंचायतीचे कार्यालय आणि शाळा यांत जे अंतर उरते, तेच खरे अवघड. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळा भारतनेटने जोडण्याची घोषणा झाली, तिचे आम्ही स्वागत करतो. २०२४-२५ च्या सरकारी पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे ६३ शाळांत इंटरनेटची सोय आहे. परंतु ‘सोय आहे’ या दोन शब्दांत मुख्याध्यापकांच्या खोलीतील एकुलती जोडणीही मावते, आणि वर्गातील चाळीस मुले एकाच वेळी चालतील अशी प्रशस्त वाटही मावते. या दोहोंत पाणंद आणि हमरस्ता यांच्याइतके अंतर आहे.

कोणी म्हणेल, मोबाईल घरोघरी असता केबलीचा हट्ट कशाला? २०२० साली शाळा बंद असता सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने सिग्नल मिळावा म्हणून डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. त्या वृत्ताचे सर्वांनी कौतुक केले. आम्हीही केले, तथापि त्या कौतुकात थोडी शरम मिसळावयास हवी होती असे आम्हांस आजही वाटते. मनोऱ्याची शक्ती त्याच्या छायेतील सर्वांत वाटली जाते, आणि त्या मनोऱ्याचा भार वाढला की त्यासही शेवटी जमिनीतील धाग्याचाच आधार लागतो. शिवाय मोबाईलचा खर्च बापाच्या रोजगारातून निघतो. शाळेची जोडणी ही सार्वजनिक विहीर आहे. दुसरा आक्षेप पालकांचा: मुले या वाटेने करमणुकीकडेच धावतील. धावतील, हे खरे. म्हणूनच ती वाट शिक्षकाच्या देखरेखीखाली, शाळेत असावी. ती एकट्याच्या खिशातच राहू नये. तिसरा आक्षेप मात्र आम्ही शिरसावंद्य मानतो. जेथे विज्ञानाचा शिक्षक नाही, छप्पर गळते, तेथे प्रथम शिक्षक व छप्परच हवे. काचेचा धागा गुरुजींची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून वाचकांनी सावध राहावे.

आता या वाटेने येणार काय? मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड प्रत्येक शाळेच्या कपाटात नाहीत, पण इंटरनेटवर ते कोणासही मोफत वाचता येतात. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करावी, हे शिकविणारे अरविंद गुप्ता यांचे साहित्य मराठीतही उपलब्ध आहे. एवढ्यावर मात्र आमचे समाधान नाही. आमची मायबोली कोकणी. मराठी ही आम्ही शिकून आपलीशी केलेली भाषा. आमच्या वर्गातील वारली व कोकणा मुलांची स्थितीही काहीशी तशीच. (कोकणा आणि कोकणी हे नावापुरतेच साम्य आहे, हे दर वर्षी नव्या वर्गास सांगावे लागते!) म्हणून येणाऱ्या ज्ञानाइतकेच येथून जाणाऱ्या ज्ञानाचेही मोल आम्हांस वाटते. दुधनीच्या आजीस रानातील ज्या वनस्पतींची नावे व गुण ठाऊक आहेत, ती तिच्या नातवाने टिपावी, तिचा आवाज जपावा, आणि विद्यापीठातील अभ्यासकाने ते ऐकावे. मधुबन धरणाच्या परिसरातील चार शाळांनी रोजचा पाऊस मोजून वेधशाळेकडे पाठवावा. जाळ्याचा सभासद तो, जो घेतो तसा देतोही. आमच्या मुलांस केवळ पाहणारे करून ठेवणारी जोडणी कितीही वेगवान असली तरी ती आम्हांस अपुरी वाटेल.

दादरा व नगर हवेली हा प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. एवढ्या आटोपशीर भागात दूरची म्हणावी अशी शाळाही फार दूर नसते. या कामात खर्चाचा मोठा वाटा काचेचा नसून खोदाईचा असतो, हे जाणकार सांगतात. तेव्हा आमची सूचना साधी आहे. पाण्याची नळयोजना असो वा रस्त्याचे रुंदीकरण, जमीन एकदा खोदली की त्याच चरात एक रिकामी नळी टाकून ठेवावी. धागा पुढे केव्हाही ओवता येईल. पंचायतीच्या कामांत ही अट असावी, असा आग्रह पालकांनी ग्रामसभेत धरावा. जोडणीबरोबर बॅटरी हवी, कारण पावसाळ्यात वीज जाते. आणि तुटलेला धागा सांधणारा माणूस जवळ हवा. सांधण्याचे यंत्र दोन्ही टोके विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करते. हाताला स्थैर्य, डोळ्याला बारकावा आणि काही आठवड्यांचे शिक्षण असले की दहावी झालेला मुलगा वा मुलगी हे काम शिकू शकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याचा वर्ग निघाला, तर मांदोणी वा सिंदोणीची केबल तुटली असता वापीहून माणूस येईपर्यंत शाळेस वाट पाहावी लागणार नाही.