दुर्मीळतेचा डांगोरा, निदानाचा विसर

फेमोरल हर्नियात अपेंडिक्स सापडले की ‘अतिदुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी’ अशी बातमी देशभर फिरते. शल्यचिकित्सकाचे कौशल्य निर्विवाद. पण नवल कसले? फ्रेंच शल्यविशारद द गारँजो यांनी ही अवस्था १७३१ मध्येच नोंदवली होती. बातमीत विचारला जात नाही तो प्रश्न वेगळाच आहे: निदानाला इतका उशीर का झाला?

जांघेतील हर्नियांपैकी फेमोरल प्रकार जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास. तोही पुरुषांपेक्षा स्त्रियांत, विशेषतः उतारवयात, अधिक. त्याची वाट अरुंद, कडा ताठर. म्हणून आत शिरलेले आतडे आवळले जाऊन रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा. रिश्टर प्रकारात तर आतड्याच्या भिंतीचा केवळ एक भाग अडकतो. मार्ग खुला राहतो, उलट्या होतातच असे नाही, आतडे मात्र सडत जाते. जांघेतील लहानशी गाठ हीच तेव्हा मुख्य खूण.

ती शोधायला महागडे यंत्र नव्हे, आधी हात लागतो. परंतु रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि डॉक्टर घाईत तपासत नाही. वेळेवर निदान झाले, तर जाळी बसवून नियोजित शस्त्रक्रिया होते; अपेंडिक्स फुटल्यावर जाळीच जंतुसंसर्गाचे घर होऊ शकते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही फेमोरल हर्नियाची दुरुस्ती वेळेवर करण्यास सुचवले आहे.

पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धेची जांघ तपासली गेली, तर अशा बातम्या विरळ होतील. वैद्यकाचे खरे यश तेच. मात्र त्याची बातमी होणार नाही.