हत्तीरोग : रक्तातली ताकद आणि मनातला गैरसमज

गेल्या हंगामात एका आंबा बागेत फवारणीचं मार्गदर्शन करून बसलो होतो. बोलता बोलता हत्तीरोगाच्या गोळ्यांचा विषय निघाला. बागायतदार म्हणाले, "साहेब, आमका जन्मभर डास चावतत, काय झाला? आमच्या रगतातच ताकद हा." बोलणं हसण्यावारी गेलं, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे. या म्हणण्यात थोडं खरं आहे आणि बरंच घातक आहे.

हत्तीरोग म्हटला की आपण विदर्भाकडं बोट दाखवतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर हे जुने रोगग्रस्त जिल्हे खरेच. पण शेजारचा सिंधुदुर्गही या यादीत आला होता, हे विसरू नका. केंद्र सरकारनं 2027 पर्यंत हा रोग हटवायचं ठरवलं आहे. 2004 पासून डीईसी गोळ्यांची सार्वत्रिक मोहीम सुरू झाली, पुढं त्यात अल्बेंडाझोल आलं. आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आपल्या राज्यात 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात प्रथम वापरली गेली.

रक्तात नेमकं काय घडतं?

घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की जंताच्या अळ्या अंगात शिरतात. त्या रसवाहिन्यांत वाढून दोऱ्यासारखे जंत होतात, काही वर्षं जगतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं सोडतात. ही पिल्लं रात्री रक्तात फिरतात.

आता गंमत बघा. एकाच गावात, तेच डास चावून, माणसं तीन तऱ्हेची होतात. काहींना काहीच होत नाही. काही धडधाकट दिसतात, पण रक्तात पिल्लं असतात. काहींचा पाय सुजतो, अंडवृद्धी होते.

असं का, याचा शोध आपल्याच राज्यात घेतला गेला. मुंबईत गोरेगावच्या सिबा-गायगी संशोधन केंद्रात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी आणि वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. हरिनाथ यांनी सहकाऱ्यांसह यावर काम केलं. ज्यांच्या रक्तात पिल्लं सापडत नाहीत, अशा काहींच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं असतात. ती पिल्लाच्या बाहेरच्या आवरणाला चिकटतात, मग पांढऱ्या पेशी त्याला घेरून मारतात. बागायतदारांची "रगतातली ताकद" ती हीच.

पण प्रतिपिंड म्हणजे संरक्षण, असं सरळ गणित नाही. पिल्लं बाळगणाऱ्या माणसातही प्रतिपिंडं भरपूर असतात. मात्र त्यात एक जात अशी जास्त असते की ती जागा अडवते, पण पेशींना हल्ल्याला बोलवत नाही. राखणदार आहे, पण चोर आला तरी हाळी देत नाही, तशातली गत! उलट, पाय सुजलेल्या अनेकांच्या रक्तात पिल्लं नसतात, प्रतिकार जोरदार असतो; पण त्या झुंजीतच रसवाहिन्या खराब होतात. म्हणजे चोर मेला, पण घरही मोडलं.

आपण कोणत्या तऱ्हेत आहोत, हे आरशात बघून कळत नाही. लाळ्या-खुरकुताची लस जनावराला देता येते, तशी हत्तीरोगाची लस माणसासाठी आजही नाही. म्हणून गोळ्या आणि डासांवर ताबा, हाच उपाय. गोळी घेतल्यावर थोडा ताप, डोकेदुखी आली तर घाबरू नका. बहुधा ती पिल्लं मरत असल्याची खूण असते.

आपल्या जिल्ह्याला काय लागू?

आपल्या बागांत नेपाळी कामगार राखणीला राहतात, मच्छीमार बोटींवर परप्रांतीय खलाशी असतात. नेपाळची तराई, बिहार, उत्तर प्रदेश हे हत्तीरोगाचे पट्टे. म्हणून त्यांना बोल लावू नका. एका चावण्यानं हा रोग सहसा होत नाही. महिनोन्‌महिने डास चावावे लागतात. डास आपल्या गटारातले असतात, ते काही तराईतून येत नाहीत! बागमालकांनी कामगारांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. पिल्लांसाठी रात्री रक्त घेतात. जंताचा अंश ओळखणारी पट्टीची चाचणी मात्र दिवसाही होते.

सरपंच, ग्रामसेवकांनी एवढं करावं :

1. संडासाच्या टाकीच्या पाइपाला बारीक जाळी बसवावी, टाकीच्या फटी बुजवाव्यात.
2. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावं, गटारं वाहती ठेवावीत. साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत.
3. बागेतल्या खोपीत मच्छरदाणी द्यावी.
4. गोळ्या वाटल्या गेल्या तर आरोग्य सेवकासमोरच घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुलं आणि गंभीर आजारी यांना देऊ नयेत.
5. सूज असलेल्यानं लावणीच्या चिखलातून आल्यावर पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिरांतून जंतू शिरले की सूज वाढते.

कीड दिसण्याआधीच आपण मोहोर राखतो ना? मग पाय सुजायची वाट कशाला बघायची? रक्तातली ताकद असेल तर उत्तमच. पण तिच्या भरवशावर गोळी खिडकीबाहेर टाकू नका. तुमच्या रक्तातली पिल्लं डासामार्फत शेजारच्या पोरापर्यंत पोचतात, आणि त्याच्या रक्तात ती ताकद असेलच असं नाही.