काळा दगड म्हणजे मँगॅनीज नव्हे

भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे आम्हां बालाघाटच्या मुलांस पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. आमच्यांपैकी कित्येकांच्या घरची चूल खाणीच्या पगारावरच पेटते. त्यामुळे काळा, जड दगड दिसला की 'मँगॅनीज' म्हणून आम्ही मोकळे होतो.

यंदा हा गर्व उतरला. वर्गातील खनिजपेटीत मँगॅनीजची चिठ्ठी लावलेला एक तुकडा होता. फुटक्या चिनी मातीच्या फरशीच्या बिनझिलईच्या पाठीवर तो सहज घासून पाहिला, तो रेघ उमटली गेरूसारखी तांबडी! मँगॅनीजच्या धातुकांची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी असते. आमचा तुकडा हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे धातुक निघाला. आमच्या आधीच्या किती मुलांनी तो मँगॅनीज समजून वहीत उतरविला असेल, कोण जाणे!

ह्या रेघेच्या रंगास खनिजशास्त्रात 'कस' म्हणतात. सोनार कसोटीवर पाहतो तोच हा कस. दगडाचा वरचा रंग फसवितो. गारगोटीच्या जातीचे क्वार्ट्झ पांढरे, गुलाबी, जांभळेही असते. कस सहसा फसवीत नाही.

परीक्षेत मात्र आम्हांस मोस ह्यांच्या श्रेणीतील दहा खनिजे ओळीने लिहावयास सांगतात. १८१२ साली त्यांनी ही श्रेणी बांधली ती एका खनिजाने दुसरे ओरखडून पाहण्यासाठी. घोकण्यासाठी खचितच नव्हे. नखाची कठिनता सुमारे अडीच, चाकूच्या पात्याची साडेपाच. पायरोल्यूसाइट पुष्कळदा इतके मऊ असते की बोटे काळी होतात. ब्राउनाइटवर चाकू चालत नाही. दोन्ही काळी, दोन्ही मँगॅनीजचीच! मॅग्नेटाइटही काळे आणि त्याचा कसही काळा, पण ते लोहचुंबकास झटकन चिकटते.

अभ्यासक्रम संपत नाही, ही गुरुजनांची अडचण आम्ही जाणतो. तरीही प्रत्येक वर्गास एक फरशी, एक चाकू, एक लोहचुंबक आणि जिल्ह्यातले आठ-दहा दगड मिळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ह्यास एका क्रिकेटच्या बॅटीइतकाही खर्च येणार नाही. (दगड अर्थातच परवानगीने आणावेत, खाणीच्या कुंपणातून उड्या मारून नव्हे.)

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या फर्मर ह्यांनी १९०९ साली भारतातील मँगॅनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगॅनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ ह्यांच्या एका खडकास त्यांनी इथल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आजही आढळते. आमच्या पेटीत त्याचा एकही तुकडा नाही.