भुलीच्या कुपीचा हिशेब कोण ठेवणार?

कोल्हापूर : सीझर असो, हर्निया असो वा मोडलेला खुबा, कमरेखालच्या अनेक शस्त्रक्रिया आज रुग्णाला बेशुद्ध न करता, पाठीच्या मणक्यात सुई टोचून केल्या जातात. त्यासाठी प्रामुख्याने वापरले जाणारे औषध म्हणजे ब्युपिव्हॅकेन. चार मिलिलिटरची एक कुपी, किंमत शंभर रुपयांच्या आत. शस्त्रक्रियेचा खर्च विचारणारे नातेवाईक या कुपीचे नाव मात्र कधी विचारत नाहीत.

स्वीडनमध्ये १९५७ साली तयार झालेले हे औषध लिग्नोकेनपेक्षा सावकाश चढते, पण दोन-तीन तास टिकते. मणक्यासाठीच्या कुपीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध आणि ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज असते. या साखरेमुळे द्रव मणक्यातील पाण्यापेक्षा जड होऊन खाली बसतो आणि भूल कुठवर चढावी, यावर डॉक्टरांना नियंत्रण ठेवता येते. म्हणजे औषध आणि साखर या दोन्हींचे प्रमाण अचूक हवे. शिवाय द्रव पूर्णतः निर्जंतुक हवा. प्रमाण कमी पडले, तर पोटावर छेद घेतल्यावर रुग्णाला वेदना जाणवू लागतात व घाईने पूर्ण भूल द्यावी लागते. हातापायाच्या नसांभोवती मोठी मात्रा देताना धोका उलट असतो. औषध रक्तात शिरले, तर हृदय बंद पडू शकते. अशा घटनांनंतरच अमेरिकेने १९८४ मध्ये प्रसूतीसाठी याचे ०.७५ टक्क्यांचे द्रावण वापरू नये, असे बजावले. त्यावरचा उतारा, म्हणजे २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन, माणसांवर वापरल्याचे पहिले वृत्तांत २००६ मध्ये आले. रोपिव्हॅकेन हे तुलनेने सुरक्षित भावंडही बाजारात आहे. मणक्यातील भुलीसाठी मात्र भर अजून जुन्या औषधावरच आहे.

आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने ब्युपिव्हॅकेनच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. किमतीवर नजर आहे. दर्जावरील नजर मात्र बहुतेक वेळा उशिरा पोहोचते. औषध निरीक्षकाने पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल देण्यास शासकीय विश्लेषकाला नियमाने ६० दिवस मिळतात. शस्त्रक्रिया तितके दिवस थांबत नाहीत. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लोक्सासिन गोळ्या बनावट निघाल्या, पण ते कळण्यास काही महिने लागले. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील अझिथ्रोमायसिन गोळ्यांत मूळ औषधच नसल्याप्रकरणी गुन्हा नोंद झाला, तेव्हा त्यात कोल्हापूरच्या एका पुरवठादाराचेही नाव आले. ही प्रकरणे प्रतिजैविकांची होती, भुलीच्या औषधाची नव्हे. परंतु निविदा, पुरवठादार, उपपुरवठादार ही साखळी दोन्हींकडे सारखीच असते. दूषित ग्लिसरॉलमुळे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले, त्याला चार दशके झाली.

भुलीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भूल लागली नाही, तर दोष औषधाचाच असतो असे नाही. बहुतेकदा सुईचे टोक किंचित सरकलेले असते. त्यामुळे भूलतज्ज्ञ स्वतःच्या हाताला दोष देऊन पुढे जातो आणि कुपी कचऱ्यात जाते. त्यातच खासगी क्षेत्रात एकच भूलतज्ज्ञ दिवसभरात दोन-तीन रुग्णालये फिरतो. औषध मात्र त्या त्या रुग्णालयाच्या दुकानातून येते. एकाच बॅचची भूल राजारामपुरीत एकदा, इचलकरंजीत एकदा आणि गडहिंग्लजमध्ये एकदा फसली, तरी या तीन घटनांची बेरीज करणारे कोणी नाही.

ही बेरीज करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. भुलीच्या नोंदपत्रकावर बॅच क्रमांक लिहिणे, भूल फसल्यास त्याच बॅचची न फोडलेली कुपी बाजूला ठेवणे आणि केंद्राच्या औषध दक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवणे, एवढे पुरे आहे. सिंधुदुर्गापासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण जेथे येतात, त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर) एकाच छताखाली मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया होतात. संशयास्पद बॅच सर्वांत आधी दिसू शकेल ती तेथेच; अर्थात, प्रत्येक नोंदपत्रकावर तो क्रमांक असेल तर.