खानवेलच्या वाटेवरचा चौथरा
दादरा-नगर हवेलीतल्या सेलवासहून खानवेलकडे जाताना रस्त्याकडेच्या एका लहानशा स्मारकापाशी गाडी थांबवली. चौथऱ्याला शेवाळ धरलेलं, पायथ्याशी टाकळा माजलेला आणि कुणीतरी सकाळीच वाहिलेली झेंडूची दोन फुलं अजून ओली. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो १९५४ साली सेलवास सोडून पळाला तो याच खानवेलच्या दिशेने. २ ऑगस्टला सेलवास मुक्त झालं ते मूठभर स्वयंसेवकांच्या हिमतीवर, आणि त्यांत पुण्याकडची कितीतरी मराठी पोरं होती. हाती पैसा नव्हता. तेव्हा सुधीर फडक्यांनी, आपल्या बाबूजींनी, खटपट केली, लता मंगेशकर त्या कामासाठी गायल्या, आणि फडके स्वतःही मोहिमेत उतरले. बाबूजींची गाणी आपल्याला तोंडपाठ. ही वाट मात्र आपण विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं. पुढची सात वर्षं कारभार इथल्याच वरिष्ठ पंचायतीने पाहिला, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात विलीन झाला. दमणला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करा, मुलांनाही इकडे आणा. येताना दोन फुलं घेऊन या.