चौदा नियमांतले ‘वाहन’ आणि पीएमपीची बस



चातुर्मासात सकाळी चौदा नियम धारणाऱ्या बायकांची संख्या वाढते. सचित्त किती, द्रव्ये किती, विगई कोणती, हे आपण बारकाईने ठरवतो. जेवताना एखादे द्रव्य जास्त होत नाही ना, म्हणून बोटांवर मोजतो. याच चौदा नियमांत ‘वाहन’ही आहे. तिथे मात्र बहुतेक जणी ‘आज चार’ म्हणून मोकळ्या होतात. वाहनांची संख्या आपण मोजतो, पण ते वाहन किती इंधन जाळते आणि एका जिवासाठी जाळते की चाळीस जणांसाठी, हा हिशोब कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की वाहनाचा नियम एकट्या श्राविकेला नीट पाळताच येत नाही. कांदा-बटाटा बंद करणे आपल्या स्वयंपाकघरात ठरते. बस कुठे थांबणार, किती मिनिटांनी येणार, तिकीट किती असणार, हे मात्र पीएमपी आणि दोन महापालिका ठरवतात. म्हणून पुण्याची बससेवा हा पुढाऱ्यांचा आणि इंजिनिअरांचा विषय म्हणून सोडून देऊ नये. तो आपल्या अहिंसेचाही विषय आहे.

इंधन जळते तेव्हा अग्निकायाची आणि वायुकायाची विराधना होते, हे आपण पाठशाळेत शिकलो. त्याच धुरातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठून पृथ्वी तापवतो, पाऊस बिघडवतो आणि त्याचा त्रास पार पंचेंद्रिय जिवांपर्यंत पोहोचतो, हे आता शास्त्रज्ञ सांगतात. साधू-साध्वीजी पायी विहार करतात, त्यांचा प्रश्न मिटला. आपण संसारी. आपल्याला महारंभ सोडून अल्पारंभ निवडायचा असतो. मग वाहनात अल्पारंभ कोणता?

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे ढोबळ का होईना, पण आकडे मांडते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार धरली तर किलोमीटरमागे सुमारे १५० ग्रॅम. लिटरला ४५ जाणारी स्कूटर धरली तर ५० ग्रॅम. सीएनजीची मोठी बस किलोला साधारण ३ किलोमीटर जाते असे धरले, तर ती किलोमीटरमागे सुमारे ९०० ग्रॅम सोडते. आकडा ऐकून दचकायला होते. पण त्या बसमध्ये ४५ माणसे असतील तर माणशी २० ग्रॅमच येतात, म्हणजे स्कूटरच्या निम्म्याहूनही कमी. आणि तीच बस सहा माणसे घेऊन धावली, तर माणशी १५० ग्रॅम, म्हणजे एकट्या माणसाने मोटार काढण्याइतकेच.

विजेच्या बसचेही असेच आहे. पीएमपीने २०१९ च्या फेब्रुवारीत विजेच्या बस आणल्या, भेकराईनगर आणि निगडीच्या डेपोत त्यांच्या चार्जिंगची सोय केली. चांगले काम केले. रस्त्यावर धूर नाही, आवाज नाही, थांब्यावर उभ्या असलेल्या लेकरांच्या नाकात काजळी जात नाही. पण आपल्याकडची वीज अजून बहुतांश कोळशाची आहे. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि मोठ्या बसला किलोमीटरला एक युनिटहून थोडी जास्तच वीज लागते. जसजशी सौर आणि पवन वीज वाढेल तसतसा हा आकडा उतरेल. तोपर्यंत विजेची रिकामी बससुद्धा फार पुण्य मिळवत नाही. म्हणून नवी बस आली की नारळ फोडून फोटो काढण्यावर समाधान मानू नये. शहराच्या वाहतूक संस्थेचे हवेसाठीचे मोठे काम म्हणजे बस भरलेली ठेवणे.

बस भरते केव्हा? घरातल्या बाईला ती भरवशाची वाटते तेव्हा. नोकरदार माणूस सकाळी एकदा जातो, संध्याकाळी एकदा येतो. आपले तसे नसते. सकाळी प्रवचन, तिथून मार्केट यार्डात भाजी-फळे, मग बँक, दुपारी नातवाची शाळा, मध्येच सासूबाईंची औषधे. लहान लहान चार-पाच फेऱ्या, त्याही गर्दीची वेळ सोडून. दर वेळी वीस मिनिटे थांब्यावर उभे राहायचे असेल तर बाई मुलाला म्हणणारच, ‘स्कूटरवर सोड रे’. मुलगा सोडून रिकामा परत येतो आणि न्यायला पुन्हा येतो. एका फेरीच्या दोन झाल्या. हे इंधन थांब्यावरच्या वीस मिनिटांनी जाळले.

पैशाचेही पाहू. २०२१ मध्ये पेठांसाठी ‘पुण्यदशम’ सुरू झाली, दहा रुपयांत दिवसभर फिरा. छोट्या बस, कमी पैसे, हवे तिथे चढा-उतरा. गृहिणीच्या फेऱ्या ओळखून केलेली ती योजना होती असे मला वाटते. पुढे २०२५ च्या जूनपासून पीएमपीची भाडेवाढ झाली आणि दिवसाचा पास ४० वरून ७० रुपयांवर गेला. स्कूटरवर दहा किलोमीटर फिरायला पेट्रोलचे वीस-पंचवीस रुपये लागतात, आणि मागे एक माणूस फुकट बसते. दोघींनी पास काढला तर १४०. आपल्या घरात काटकसर हा गुण मानतात. मग ती सून स्कूटरच काढणार, आणि तिला दोष देता येणार नाही.

यावर उत्तर मिळते की पीएमपी तोट्यात आहे. हे खरे. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून ही कंपनी झाली, आणि तिची तूट पुणे महापालिका ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरून देते. पण ताळेबंदात काय धरले आहे, हेही पाहावे लागते. तिकिटाचे उत्पन्न एका बाजूला, डिझेल-गॅस-पगार दुसऱ्या बाजूला. वाचलेला धूर, न लागलेले पार्किंग, दम्याच्या औषधाचा वाचलेला खर्च यांना कुठल्याच बाजूला जागा नाही. जमेची अर्धी पाने फाडून मांडलेल्या वहीत तोटाच दिसणार. रस्त्यावरच्या दिव्यांनी नफा कमवावा असे आपण म्हणत नाही, मग बसकडूनच ती अपेक्षा का?

काही जणी म्हणतील, आमचे गुडघे, आमचे उपवास, गर्दीत गळ्यातले सांभाळायचे. बरोबर आहे. अठ्ठाई चालू असताना कुणी लटकत जावे असे मी म्हणत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी रिक्षात तिघी मिळून बसावे, तेही चांगलेच. पण या अडचणींतल्या बऱ्याचशा पुन्हा संस्थेनेच सोडवायच्या आहेत. खालच्या पायरीची बस, बसायला बाक असलेला थांबा, संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतर घरी न्यायला शेवटची गाडी. आणि बससाठी मोकळी मार्गिका. देशातली पहिली बीआरटी २००६ मध्ये आपल्याच स्वारगेट-कात्रज रस्त्यावर सुरू झाली होती, हे विसरू नका. बस मोटारींच्या गर्दीत अडकली की ती वेळ पाळू शकत नाही, मग चालक-वाहकाला ओरडून काय उपयोग?

आता आपल्या संघाने काय करावे ते सांगते. चातुर्मास म्हणजे चार महिने. प्रवचनाची जागा तीच, वेळ तीच, येणाऱ्या बायका त्याच. कुठल्याही बससेवेला असे ठरलेले प्रवासी मागून मिळत नाहीत. समजा, शंभर जणी रोज चार किलोमीटर येतात आणि तेवढ्याच परत जातात. मिळून ८०० किलोमीटर. प्रत्येकीची वेगळी स्कूटर धरली तर दिवसाला ४० किलो कार्बन डायऑक्साइड, भरलेल्या बसने १६ किलो. १२० दिवसांत जवळजवळ तीन टनांचा फरक पडतो, आणि तोही एका स्थानकाचा. पुण्यात स्थानके आणि देरासरे किती, तुम्हीच मोजा.

म्हणून चातुर्मास ठरला की संघाच्या कार्यालयाने जवळच्या डेपोला एक पत्र द्यावे. कोणत्या भागातून किती जणी येतात, प्रवचन किती वाजता सुरू होते, किती वाजता सुटते, आणि कोणत्या मार्गाची गाडी दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे केली तर ती भरेल. सोबत बायकांच्या सह्या जोडाव्यात. महिला मंडळाने हे काम घ्यावे, पुरुषांच्या बैठकीची वाट पाहू नये. ज्यांना परवडत नाही अशा साधर्मिक बहिणींचे चार महिन्यांचे पास कुणी दात्याने काढून दिले, तर स्वामीवात्सल्याच्या एका पंगतीइतकेच ते मोलाचे आहे. आणि गाडी वेळेवर आली तर आपण खरोखर तिच्यात बसायचे. मागणी करून घरच्या मोटारीने जायचे, असे चालणार नाही.

नगरसेवक मते मागायला दारात येतात तेव्हा आपण नळाचे पाणी आणि कचरा विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: आमच्या थांब्यावर बस किती मिनिटांनी येणार?

उद्या सकाळी नियम धारताना ‘वाहन’ या शब्दावर क्षणभर थांबा. चार म्हणण्याऐवजी दोन म्हणा, आणि त्या दोनांतले एक सगळ्यांचे असू द्या.