कागदपत्रे परक्या संगणकावर कशासाठी?



नोकरीचे, शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरण्याची पद्धत रुळल्यापासून पीडीएफ लहान करणे, दोन पीडीएफ जोडणे, वर्डच्या फाइलची पीडीएफ करणे ही कामे घरोघरी करावी लागतात, आणि त्यांसाठी सॉफ्टवेअर शोधताना बहुतेकांची नजर प्रथम 'मोफत' या शब्दावर जाते. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द विनामूल्य आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे तेथे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द हाताशी असूनही तो भेद पाळला जात नाही, ही खेदाची गोष्ट होय. ज्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येतो ते मुक्त सॉफ्टवेअर. ते बहुधा विनामूल्य मिळते, पण विनामूल्य मिळणारे प्रत्येक साधन मुक्त नसते.

या भेदाचे मोल झेरॉक्सच्या दुकानात कळते. अर्जासोबतची फाइल अमुक केबीच्या आत हवी अशी अट असते, मोबाइलवर काढलेली दाखल्याची प्रत काही एमबींची भरते, आणि काउंटरमागचा मुलगा सर्चमध्ये वर येईल ते संकेतस्थळ उघडून जातीचा दाखला, आधार कार्ड व गुणपत्रिका एकामागून एक त्यावर अपलोड करतो. काम दोन मिनिटांत होते, परंतु तेवढ्यात अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सही अनोळखी सर्व्हरवर, म्हणजे परक्याच्या संगणकावर, पोहोचलेली असते. फाइल काही तासांत पुसली जाते असे तेथे लिहिलेले असले, तरी ते खरे की खोटे हे पडताळण्याचा कोणताही मार्ग अर्जदाराकडे नसतो.

हेच काम इंटरनेट बंद ठेवूनही करता येते. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरपासून 2010 मध्ये वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमधील 'रायटर' वर्डची फाइल उघडून तिची पीडीएफ करतो, तर 'ड्रॉ' पीडीएफ उघडतो. पीडीएफ करताना उघडणाऱ्या निर्यातीच्या चौकटीत चित्रांचे रिझोल्यूशन, म्हणजे प्रत्येक इंचातील ठिपक्यांची संख्या, 300 वरून 150 वर आणले की स्कॅन केलेल्या दाखल्याची फाइल सहसा बरीच लहान होते. शिवाय पीडीएफच्या पोटातच मूळ फाइल ठेवून देण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे तीच पीडीएफ पुढे लिब्रेऑफिसमध्ये दुरुस्तही करता येते.

वर्डमधील तक्ते लिब्रेऑफिसमध्ये विस्कटतात हा आक्षेप खोटा नाही, आणि मराठी मजकुराची पीडीएफ 'ड्रॉ'मध्ये उघडल्यास जोडाक्षरे तुटू शकतात, हेही मान्य करावे लागते. मात्र या दुसऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा पीडीएफच्या स्वरूपातच असते, कारण पीडीएफ अक्षरांपेक्षा त्यांच्या आकृत्यांची पानावरील जागा जपते. 'किती' हा शब्द तिच्यातून उचलून दुसरीकडे चिकटवला तर पहिली वेलांटी कधीकधी 'क'च्या आधी येऊन पडते, ती यामुळेच. जुन्या फॉन्टांची अडचण याहून गंभीर आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असल्याने तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उत्तम मराठी मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसतो, आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणल्याखेरीज कोणतेही सॉफ्टवेअर, मुक्त असो वा विकतचे, त्याचे धड संपादन करू शकत नाही. केवळ छापील प्रत उरली असेल तेथे टेसरॅक्ट हे चित्रातील अक्षरे ओळखणारे मुक्त साधन मराठीसाठी उपलब्ध आहे. त्याचा मजकूर तपासून घ्यावा लागतो, पण पुन्हा टाइप करण्याचे बरेचसे श्रम वाचतात.

सगळा भार नागरिकांवर टाकणे मात्र न्याय्य नव्हे. केंद्र सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण 2010 मध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण 2015 मध्ये जाहीर केले. ओडीएफ हे दस्तऐवजाचे खुले स्वरूप तर 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेव्हा जे कार्यालय फाइलच्या आकारावर मर्यादा घालते, त्याने फाइल स्वतःच्या संगणकावर लहान कशी करावी हे त्याच पानावर मराठीत सांगावे, कोरे अर्ज युनिकोडमध्ये व ओडीएफ स्वरूपातही द्यावेत, आणि शक्य असेल तेथे मर्यादाच वाढवावी, म्हणजे दाखला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाण्याची वेळच अर्जदारावर येणार नाही.